सोपाऱ्याचे बंदर कुठे गेले?

भिवंडी शहराला लागून असलेल्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांची नावे आज व्यापारी जगाला ठाऊक आहेत ती गोदामांमुळे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेला माल कंटेनरांतून इकडे येतो, उतरवला जातो, मोजला जातो आणि लहान गाड्यांत भरून पुढे जातो. या गोदामांतून समुद्र दिसत नाही. तरीही बंदराचे निम्मे काम इथेच चालते असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता याच गावांजवळच्या भिवंडी रोड स्थानकातून दिवा-वसई मार्गाची गाडी धरा. खारबाव, कामण, जूचंद्र करीत ती वसई रोडला पोचते. तिथून विरारकडे जाणाऱ्या लोकलने पुढचेच स्थानक नालासोपारा. स्थानकाच्या पश्चिमेला, इमारतींच्या दाटीत, जुने सोपारा गाव आहे. इथे नेमका उलटा प्रकार. दीड हजार वर्षांहून अधिक काळ देशोदेशींच्या प्रवाशांनी या गावाचे नाव बंदर म्हणून लिहून ठेवले. आज इथे धक्का नाही, गलबत नाही. समुद्र पाहायचा तर आणखी काही किलोमीटर पश्चिमेला कळंब किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर जावे लागते. मुलांना इथे सहलीला आणले तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, इथे समुद्रच नाही, मग बंदर कसे?"

प्रश्न अगदी योग्य आहे. इतिहासाची पुस्तके त्याचे उत्तर एका वाक्यात देतात : "पुढे खाडी गाळाने भरली." पण खाडी गाळाने भरते म्हणजे काय होते? गाळ आधी नव्हता का? आणि भरलेल्या खाडीचे पुढे काय झाले? सोपाऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा तर राजांच्या यादीइतकेच या चिखलाकडेही लक्ष द्यावे लागते.

नाव कुठे कुठे सापडते?

महाभारतात शूर्पारक तीर्थाचा उल्लेख आहे. जातककथांमध्ये सुप्पारक नावाच्या नावाड्याची गोष्ट आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते, तरी केवळ अनुभवावर तो जहाज संकटातून बाहेर काढतो. सिंहली परंपरेनुसार विजय हा राजपुत्र लंकेला पोचण्यापूर्वी सुप्पारकाला उतरला होता. संस्कृत 'शूर्प' म्हणजे आपले सूप. त्यावरून परशुरामाच्या गोष्टीपासून अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. बायबलमधील सोन्याचे बंदर ओफिर म्हणजेच सोपारा, असेही काही विद्वानांनी १९व्या शतकात मांडले होते. नावांच्या साम्यापलीकडे त्याला आधार नाही; अशी साम्ये गमतीने ऐकावीत आणि बाजूला ठेवावीत.

ठोस पुरावा सुरू होतो तो दगडावरच्या अक्षरांपासून. नाणेघाट हा जुन्नरकडून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर ते खोदवून देणाऱ्याचे नाव आहे : सोपाऱ्याचा गोविंददास. घाट चढून दमलेल्या माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावे म्हणून बंदरातल्या एका माणसाने केलेला हा खर्च. बंदर आणि घाट यांचा संबंध दाखवायला यापेक्षा सोपा पुरावा वर्गात सांगता येणार नाही. कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांतही सोपाऱ्याच्या माणसांची दाने नोंदलेली आहेत.

पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' हे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध आहे. बॅरिगाझा म्हणजे भडोच. त्याच्या दक्षिणेची बंदरे सांगताना तो सूप्पारा आणि कल्लिएना म्हणजे सोपारा आणि कल्याण ही नावे देतो. कल्याणबद्दल तो पुढे म्हणतो की तिथला व्यापार आता अडवला जातो आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात कोकणच्या जकातीसाठी चाललेली ओढाताण यामागे होती. त्या ओढाताणीचा शेवट कुणाच्या बाजूने झाला ते नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांवरून कळते. तिथे क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

बत्तीस हजार माड

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याच्या दानांची यादी लांबलचक आहे, पण कोकणच्या शिक्षकाने ती मुद्दाम वाचावी. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे सोपारा, या ठिकाणी त्याने उतरणाऱ्यांसाठी चौसोपी निवारे बांधले; बागा, तळी आणि विहिरी करवल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट तरी चालवल्या. यांतली शेवटची दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. सोपाऱ्याच्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या फिरस्त्या साधूंच्या मंडळींना त्याने ३२,००० माड दिले.

३२,००० माड! एका एकरात साठ-सत्तर माड धरले तरी ही सुमारे ५०० एकर वाडी होते. मुलांकडून हा हिशेब करून घ्यावा. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर नारळाची लागवड केवढ्या प्रमाणावर होती, ते या एका आकड्यातून लक्षात येते. प्राचीन कोकण म्हणजे निव्वळ जंगल आणि दलदल, अशी जी एक समजूत आपल्या मनात असते, तिला हा शिलालेख छेद देतो.

विहिरी आणि तळ्यांचा उल्लेखही सहज केलेला नाही. खाडीकाठच्या गावाला पाण्याची कमतरता नसते. पिण्याच्या पाण्याची असते. सोपाऱ्याच्या पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव या भागात वाळूचा उंचवटा किनाऱ्याला समांतर पसरला आहे. पावसाचे पाणी या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके असते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, फरक फक्त अडीच टक्क्यांचा, पण तेवढा पुरतो. उथळ खणले की गोडे पाणी लागते, जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. वसईच्या वाड्यांमध्ये पाण्यासाठी 'बावखले' असतात, ती या तत्त्वावरच चालतात. मोठ्या खड्ड्यासारखे, उतरत्या काठाचे हे उथळ तळे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांची वसई याच पाण्यावर उभी राहिली. एक बावखल बुजवले की पाऊस मुरण्याची एक जागा कमी होते.

बुरुड राजाचा कोट

सोपाऱ्यात एक उंचवटा होता, त्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. सुपे विणणारा तो बुरुड. शूर्पारक या नावाची आठवण त्या लोककथेत राहिली असावी, असा तर्क मोह पाडतो. एप्रिल १८८२ मध्ये हा उंचवटा खणला गेला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल ठाणे जिल्ह्याच्या खंडाचे काम करीत होते आणि त्यांच्यासोबत होते पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल यांच्याबद्दल थोडे सांगायलाच हवे. त्यांचा जन्म जुनागडचा, १८३९चा. गावाजवळच गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा प्रसिद्ध शिलालेख. तो वाचण्याच्या नादातूनच ते ब्राह्मी लिपी शिकले. पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांच्या नकला केल्या. रीतसर विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या या माणसाला हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने १८८४ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये ते वारले. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत त्यांना चार ओळीही मिळत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

उंचवट्याच्या मध्यावर खणत गेल्यावर विटांची कोठी लागली आणि तिच्यात गोल दगडी करंडक. आत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती : सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची नाजूक फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय असेल, असे मुलांना विचारून पाहावे. हिरा, माणिक, अशी उत्तरे येतात. तिथे होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले गेले होते.

इथे एक छान कोडे आहे. नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. मग हे सारे एकत्र पुरले कधी? उत्तर सोपे आहे, पण मुलांनी ते स्वतः शोधावे. एखाद्या बंद पेटीत आजोबांच्या काळचा पैसा आणि गेल्या वर्षीचे वर्तमानपत्र असले, तर पेटी शेवटची बंद झाली ती गेल्या वर्षी किंवा त्यानंतर. पैसा जुना आहे म्हणून पेटी जुन्या काळी बंद झाली असे ठरत नाही. स्तूप मुळात जुना असावा आणि पुढे शेकडो वर्षांनी कोणी तो उघडून, नव्या मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केला असावा. म्हणजे नवव्या शतकाच्या आसपासही सोपाऱ्यात तांब्याच्या सुबक मूर्ती घडवून घेणारे सधन लोक होते.

याच वर्षी भगवानलालना गावाच्या पूर्वेला भातेला तळ्याजवळ दगडाचा एक तुटका ठोकळा मिळाला. त्यावरच्या मोजक्याच अक्षरांवरून त्यांनी ओळखले की हा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. पूर्ण मजकूर त्यांना लहानपणापासून परिचयाचा होता, गिरनारमुळे. पुढे १९५६ मध्ये पश्चिमेला भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडाही मिळाला. एखाद्या पुस्तकाची आठव्या आणि नवव्या पृष्ठांची चिठोरी मिळावी, तसे हे आहे. चौदाही लेख इथे कोरलेले होते, असे त्यावरून मानतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पाटलिपुत्राच्या राजाला आपले म्हणणे ज्या ठिकाणी लिहून ठेवावेसे वाटले, ते ठिकाण गजबजलेलेच असणार. ओसाड किनाऱ्यावर कोणी सूचनाफलक लावत नाही.

आणि आठव्या लेखाचा विषय कोणता? सहल! पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी विहारयात्रेला जात. मी राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, दान आणि खेड्यांतल्या लोकांशी बोलणे असते, असे अशोक सांगतो. शाळेच्या सहलीचे परिपत्रक काढणाऱ्यांनी एकदा वाचावा असा हा लेख आहे.

वारा, भरती आणि उथळ तळाची जहाजे

रोमन काळात इजिप्तहून निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास तांबड्या समुद्रातून बाहेर पडत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर भारताच्या किनाऱ्याला लागत. परतीचा प्रवास हिवाळ्यात, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर. म्हणजे जहाजांना महिनेच्या महिने इथे थांबावे लागे. उघड्या किनाऱ्यावर लाटा जहाज फोडून टाकतात. आत शिरलेली, वळणाची, शांत खाडी हवी. सोपाऱ्याला ती होती. उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी. या दोहोंना जोडणारा एक अरुंद फाटा वसईच्या भूभागाला मुख्य जमिनीपासून वेगळा करीत असे. सोपारा या फाट्याच्या काठावर होते.

शिवाय भरती फुकट ओढून नेत असे. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांच्या आसपास असतो, भांगाच्या दिवशी त्याहून पुष्कळ कमी. भरतीबरोबर आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. ओहोटीला जहाज चिखलावर टेकले तरी सपाट, उथळ तळाच्या जहाजाला अपाय होत नसे. आजचे कंटेनर वाहणारे जहाज बारा-पंधरा मीटर खोल पाणी मागते. सोपाऱ्याचे वैभव उथळ पाण्यात चालणाऱ्या जहाजांच्या काळातले होते, हे विसरू नये.

खाडी कशी बुजते?

दोन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. दोन्हींत पाणी भरून चिमूटभर बारीक चिकणमाती कालवा. एकीत मोठा चमचाभर मीठ घाला, दोन्ही हलवा आणि ठेवून द्या. अर्ध्या-पाऊण तासात मिठाची बाटली वरून निवळू लागते. दुसरी पुष्कळ वेळ गढूळच राहते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले धन भाराचे आयन हा भार झाकतात, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि ते खाली बसतात. पावसाळ्यात सह्याद्रीवरून आलेले लाल गढूळ पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटते तिथे नेमके हेच घडते.

पण मग सगळ्याच खाड्या बुजायला हव्यात. त्या बुजत नाहीत, कारण ओहोटीचे जोराचे पाणी बसलेला चिखल पुन्हा उचलून समुद्रात नेते. बसणे आणि वाहून जाणे यांचा जमाखर्च चाललेला असतो. सोपाऱ्यासारख्या दोन तोंडांच्या फाट्यात हा जमाखर्च तोट्यात जातो. भरती दोन्ही टोकांनी शिरते आणि मध्ये कुठेतरी दोन प्रवाह समोरासमोर येतात. तिथे वेग जवळजवळ संपतो आणि चिखल बसतो. बसलेल्या चिखलावर तिवरे रुजतात. त्यांच्या मुळ्या आणखी चिखल धरतात.

पुढचा हात माणसाचा. भरतीच्या पाण्याला बांध घालून खार जमीन तयार करायची, तिच्यात भात घ्यायचा किंवा मिठागर करायचे, ही कोकणची जुनी पद्धत. शेतकऱ्याला ती लाभाची, बंदराला मारक. एक कल्पित उदाहरण घेऊन आठवी-नववीच्या मुलांकडून हे गणित करून घेता येईल. खाडी आणि तिच्या दलदलीचे क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे आणि भरती ३ मीटर चढते. मग एका भरतीत ३ कोटी घनमीटर पाणी आत येते. सहा तासांत, म्हणजे २१,६०० सेकंदांत, ते बाहेर जायचे. सेकंदाला सुमारे १,४०० घनमीटर. खाडीचे तोंड २०० मीटर रुंद आणि ७ मीटर खोल असेल, तर वेग सेकंदाला १ मीटर पडतो. आता निम्म्या क्षेत्राला बांध घाला. पाणी निम्मे, वेगही निम्मा. तेवढ्या मंद प्रवाहात चिखल बसू लागतो, तोंड उथळ होते, पुढच्या भरतीत पाणी आणखी कमी शिरते. बांध घालणाऱ्या शेतकऱ्याने बंदराकडे पाहिलेही नसेल. त्याच्या हातून बंदर बुजत राहते.

याला तारीख नसते. दहाव्या शतकात अरब लेखक मसूदी सैमूर (चौल) आणि ठाणे यांच्याबरोबर सुबारा हे नाव घेतो. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने काश्मीरच्या एका विद्वत्सभेला तेजकंठ नावाचा पंडित पाठवला. तो शूर्पारकाहून आला असे मंख कवीने आपल्या 'श्रीकंठचरित' या काव्यात नोंदवले आहे. सोपारा तेव्हा नुसते बंदर नव्हते. तिथे विद्याही नांदत होती. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंचे अवशेष जॉर्डानस या फ्रेंच धर्मोपदेशकाने सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने ते उचलून थेट चीनला नेले. त्यानंतर हे नाव प्रवाशांच्या लिखाणातून विरळ होत जाते. कोणी सोपारा जाळले नाही, लुटून उद्ध्वस्त केले नाही. जहाजे हळूहळू दुसरीकडे जाऊ लागली, एवढेच.

ती गेली जवळच, दक्षिणेला, वसईला. उल्हाससारख्या मोठ्या नदीच्या मुखाशी ओहोटीचा जोर टिकून होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि खाडीच्या तोंडाशी तटबंदीचे शहर उभे राहिले. इथेच १५५७ मध्ये जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकीला क्रुसावर मारला गेला. एका खाडीकाठच्या मुलाचा प्रवास कुठवर होऊ शकत होता ते यावरून कळेल. १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम आपण शिकवतोच. या मोहिमेच्या मसलतीत पुढे असलेले गंगाजी नाईक अणजूरकर हे भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचे, म्हणजे राहनाळच्या शेजारचेच, हे मात्र भिवंडीच्या मुलांना सहसा माहीत नसते. मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तट फोडून चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. पुढे खोल पाण्याचे मुंबई बंदर आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आगगाडी यांनी वसईचेही महत्त्व संपवले. बंदर पुन्हा हलले. १९८९ मध्ये ते न्हावा-शेव्याला गेले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणूजवळ वाढवण येथे नव्या बंदराची पायाभरणी झाली. उषवदाताच्या तरी चालत त्या नदीच्या परिसरात हे काम होऊ घातले असून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे.

बुजलेल्या खाडीचे पुढे काय झाले?

खाडी बुजली की तिची जागा सखल आणि सपाट उरते. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी तिथे थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. खार जमिनी आणि मिठागरे हे काम शतकानुशतके मुकाट्याने करीत होती. १९८०नंतर मुंबईत घर न परवडणाऱ्या लाखो कुटुंबांनी नालासोपाऱ्यात आसरा घेतला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण भराव पडले ते नेमके या पाणी थांबण्याच्या जागांवर. हे होऊ नये म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'ची चळवळ चालवली. जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसात नालासोपाऱ्याजवळचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वाटेत अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांची सुटका आपत्ती निवारण दलाला करावी लागली. पाणी आले ते जुन्या खाडीच्या वाटेने. नकाशावरून खाडी पुसली तरी उतार पुसला जात नाही.

राहनाळ-काल्हेरच्या शिक्षकांना हे परके वाटू नये. उल्हास आणि कामवारी या नद्यांच्या काठची भातखाचरे आणि खाजणे भरावाखाली जाऊन तिथे गोदामे आली आहेत. मुलांना आपल्या गावचा जुना नकाशा, आजोबा-आजींच्या आठवणी आणि पावसात पाणी साचणाऱ्या जागा एकाच कागदावर मांडायला सांगावे. ओढ्यांची नावे, खार, खाजण, बांध असे शब्द असलेली शेतांची नावे नोंदवावीत. हा प्रकल्प विज्ञानाचा, इतिहासाचा की भूगोलाचा, हे निरीक्षकांना काय सांगायचे ते आपण ठरवावे.

सहल काढायची तर

सोपाऱ्याचा स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आता उरला आहे तो विटांचा एक बुटका ढीग. मुलांना आधी सांगून ठेवले नाही तर निराशा होते. करंडकाची गोष्ट तिथेच, उभ्याने सांगावी. चक्रेश्वर तळ्याकाठच्या महादेव मंदिरात ब्रह्मदेवाची सुंदर दगडी मूर्ती आहे. ब्रह्मदेवाच्या मूर्ती एकूणच थोड्या, तेव्हा ती चुकवू नये. निर्मळचे तळे आणि शंकराचार्यांची समाधी तिथून पश्चिमेला आहे. कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत शाळेची सहल मात्र नेऊ नये. वाटेत एखाद्या वाडीवाल्याची परवानगी घेऊन बावखल पाहावे. करंडक आणि मूर्ती मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाचा लेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यासाठी दुसरा दिवस काढावा.

दिवस शक्यतो अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा निवडावा. त्या दिवसांत इथली मोठी भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. सकाळी सोपारा उरकून तेवढ्यात वसई किल्ल्याच्या धक्क्यावर पोचावे. पाणी दगडी पायथ्याला टेकलेले असते आणि पाचूबंदरच्या होड्या डुलत असतात. किल्ला, पडकी चर्चे, चिमाजी अप्पांचा पुतळा हे सारे त्यानंतर सावकाश पाहावे. संध्याकाळी साडेपाच-सहाला निघण्यापूर्वी मुलांना पुन्हा एकदा त्याच जागी उभे करावे. पाणी दूर गेलेले असते, आणि जिथे होड्या डुलत होत्या तिथे काळा चिखल आणि त्यावर कलंडलेल्या त्याच होड्या असतात.